रिकामं यंत्र आत्याला कसं द्यायचं?

चहा आधी खाली ठेवा, कारण मी काय करून बसलो ते ऐकून तुम्हाला ठसका लागेल. एका चिमुकल्या मेमरी कार्डापायी मी भर ओसरीवर, पापड लाटणाऱ्या बायकांसमोर माझ्या आत्याची अब्रू काढली. माझी स्वतःची अशी काही उरलीच नव्हती, म्हणून तिचा हिशेब धरत नाही.

आमची रमाआत्या हिवरखेडला राहते. वय अठ्ठ्याहत्तर. शेती स्वतः पाहते, गड्यांना दरडावते, आणि दुपारी वाचते. पण मनातल्या मनात वाचणं तिला ठाऊकच नाही. जेवणं आटोपली की आजूबाजूच्या बायका आपापलं काम घेऊन तिच्या ओसरीवर येतात. कोणी तूर निवडते, कोणी पापड लाटते, आणि मधोमध आत्या पुस्तक धरून मोठ्यानं वाचते. मी लहान असल्यापासून हे बघत आलोय. असं वाचणारी बाई मी अमरावतीत पाहिली नाही, पुण्यात असेल तर मला माहीत नाही. पुस्तकातली सासू बोलायला लागली की ओसरीवरच्या सुना पदर सावरतात.

मागच्या दिवाळीनंतर तिचा मला फोन आला. आवाज एकदम खाली. "मधू, मले अक्षरं दिसून नाई राहिले रे."

मोतीबिंदू काढून झाला होता. पण डॉक्टर म्हणाले, आत पडदाच कमजोर आहे, बारीक अक्षर आता जमायचं नाही, मोठं असेल तर वाचाल. मी विचारलं, मग दुपारचं कसं चाललंय? ती म्हणाली, चालते कसंतरी. आणि मग मुद्द्याची गोष्ट बोलली.

"बायकाईले सांगजो नोको. त्याईले समजलं का मले दिसत नाई, तं त्या टीव्हीसमोर जाऊन बसतीन. मंग मी दुपारभर बोलू कोनाशी?"

फोन ठेवला आणि ठरवलं, आत्याला ई-रीडर घेऊन द्यायचा. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, डोळ्यांना त्रास नाही. विचार चांगला होता की नाही? इथवर मी शहाणा माणूस होतो, एवढं लक्षात ठेवा.

दुकानातल्या मुलीनं यंत्र दाखवलं. मी विचारलं, यात पुस्तकं किती मावतात? म्हणे, हजारो. मी म्हटलं, पण कार्ड टाकायला खाच आहे ना, मग कार्ड पण द्या. ती म्हणाली, काका, नुसती वाचायची पुस्तकं असतील तर कार्डाची गरजच पडत नाही, पुस्तक फार थोडी जागा खातं.

आता तुम्हीच सांगा, दुकानदार स्वतःहून 'जास्त घेऊ नका' म्हणतो, तेव्हा वऱ्हाडी माणसाला संशय येणार नाही का? आम्ही सालभराचं धान्य भरणारी माणसं. कोठी अर्धी दिसली की आम्हाला झोप लागत नाही. तरी त्या दिवशी मन आवरून कार्डाशिवायच घरी आलो.

घरी सुनंदा, म्हणजे आमचं गृहखातं, यंत्र उलटंसुलटं करून म्हणाली, "हे रिकामंच देणार का आत्याबाईंना?"

झालं! आमच्याकडे कोणाला नवं भांडं रिकामं देत नाहीत. डबा परत करायचा तरी त्यात काहीतरी घालून. मग एवढं मोठं पुस्तकांचं भांडं मी हिवरखेडला कोरडं कसं नेऊ? मी भरायला घेतलं. अमरावतीत आमच्या राजापेठेतल्या ओळखीच्या प्रत्येक माणसाला निरोप गेला की तुमच्याकडे जे काही वाचण्यासारखं असेल ते पाठवा.

लोकांनी पाठवलं हो! लोक मदतीला किती तत्पर असतात ते मला तेव्हा कळलं. शेजारच्या शिकवणी वर्गाने दहावीच्या अपेक्षित प्रश्नांचे गठ्ठे दिले. कोणी कादंबऱ्या पाठवल्या, पण कशा, तर पानन् पान मोबाईलवर फोटो काढून. कोणी पतसंस्थेचा अहवाल. एका सद्गृहस्थांनी गॅसच्या शेगडीसोबत आलेलं माहितीपत्रक पाठवलं, वर लिहिलं, 'उपयुक्त'. मी सगळं आत घातलं. वाचून पाहिलं का? छे! धान्य भरताना कोणी एकेक दाणा चाखून बघतो का?

त्या फोटोंनी काम केलं. यंत्र म्हणालं, जागा संपली.

"पाहिलं?" मी सुनंदाला म्हणालो. "ती मुलगी म्हणे, जागा संपतच नाही."

सुनंदा म्हणाली, "अहो, नव्या भांड्यात मूठभर गहू टाकतात, पोतं नाही ओतत. त्यापेक्षा आत्याबाईंना फोन करून विचारा ना, त्या सध्या काय वाचताहेत."

मी म्हटलं, फोन केला तर गंमत काय राहिली? आणि फोन केला तो अकोल्याला, सलीमभाईंना. सलीमभाई माझे जुने मित्र, कापडाचे व्यापारी आणि उर्दू-मराठी दोन्हीकडचे पक्के वाचणारे. त्यांना सगळी हकिकत सांगितली. ते म्हणाले, "कार्ड ले लो भाऊ. कपडा उरला तं उशीचा अभ्रा होते. कमी पडला तं दर्जी काय करन?" मला असाच सल्ला हवा होता, म्हणून तर त्यांना फोन केला होता. मी दुकानात होतं त्यातलं सगळ्यात मोठं कार्ड आणलं आणि तेही काठोकाठ भरलं.

अकोटमार्गे एसटीनं हिवरखेडला पोचलो तेव्हा दुपार भरात होती. ओसरीवर पापडांचं काम चाललेलं. आत्याच्या हातात पुस्तक, त्याला नेहमीसारखं वर्तमानपत्राचं कव्हर. मी गेल्या गेल्या यंत्र बाहेर काढलं आणि भाषण ठोकलं. डोळ्यांचं एक अक्षर बोललो नाही, तेवढी अक्कल शाबूत होती. पण जागेचं बोललो. म्हटलं, यात एवढी पुस्तकं आहेत की अख्खं गाव वाचत बसलं तरी संपणार नाहीत, शिवाय वरून कार्ड टाकलंय.

आत्यानं कौतुकानं यंत्र हातात घेतलं. मी एक कादंबरी उघडून दिली. अक्षरं मुंगीएवढी. म्हटलं, थांब, मोठी करतो. आता गंमत अशी की पानाचा फोटो असला की अक्षर वेगळं मोठं होत नाही, अख्खं पानच फुगतं. मी फुगवलं. काचेवर एकटा 'भ' आला. पुढचं अक्षर पाहायचं तर पान सरकवा. सरकवलं, तर 'भ'ही गेला आणि ओळही गेली.

शेजारची नूरजहाँबी लाटणं थांबवून म्हणाली, "एका शब्दाले एक पापड होऊन राहिला, भाऊ."

सगळ्या हसल्या. आत्याच फक्त हसली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, यंत्र पदरानं पुसून बाजूला ठेवलं आणि म्हणाली, उन्हातून आला, पाणी पे. बायका म्हणाल्या, आत्या, तुमी आपलं कौसल्येचं वाचा.

ही कौसल्या म्हणजे पुस्तकातली. दिरानं जमीन बळकावलेली, आणि ती तहसीलीत जायला एकटी निघालेली. आत्यानं पुस्तक उघडलं आणि सुरुवात केली. काय सांगू महाराज! मूर्तिजापूरचं स्टेशन, फलाटावर कौसल्या, समोरून तो दीर येतो, हातात तिच्याच बापाची छत्री. आत्याचा आवाज दिराचा झाला, मग कौसल्येचा झाला, मग नुसताच थांबला. लाटणी थांबली. माझ्या अंगावर काटा आला. मी आत्याच्या मागे खाटेवर बसलो होतो, म्हटलं पाहावं तरी हे लिहिलंय कोणी. वाकून पुस्तकात डोकावलो.

पानावर संत्र्याचा फोटो होता. डागी संत्रं. खाली फवारणी कशी करायची ते दिलेलं.

आत्यानं पान उलटलं. कौसल्या दिराला म्हणाली, छत्री ठेवा, जमीन द्या. पानावर खोडकिडा होता.

मला कळलं. ही बाई वाचतच नव्हती! सगळं मनानं सांगत होती, आणि असं सांगत होती की लिहिणाऱ्यांनी हात जोडावेत. माझा ऊर भरून आला. आणि ऊर भरून आला की माझ्या तोंडावर माझा ताबा राहत नाही.

"अगं आत्या," मी ओरडलो, "हे तं संत्र्याच्या रोगाचं पुस्तक हाय! तू तं सारं मनानंच सांगून राहिली!"

आत्याचा हात पानावर तसाच राहिला. तिनं मला फोनवर काय सांगितलं होतं ते मला त्या क्षणी आठवलं, आणि वाटलं, याच खाटेखाली शिरावं. तिच्या दुपारी मी माझ्याच तोंडानं संपवल्या होत्या.

मग नूरजहाँबी पुन्हा लाटायला लागली. खाली बघतच म्हणाली, "आमाले मालूम हाय, भाऊ. ते पुस्तक माह्याच घरचं हाय. संक्रांतीच्या आंधीच नेलं आत्यानं, कादंबरी समजून."

आत्यानं विचारलं, "मंग काहून बोलल्या नाई वं?"

"बोललो असतो तं तू थांबली असती," नूरजहाँबी म्हणाली. "कौसल्येची खऱ्या पुस्तकातली गोष्ट कवाचीच संपली असन. हे तं तू आमच्यासाठी करून राहिली होती. आमी टीव्ही पाहू काय मंग?"

आत्यानं संत्र्याचं पुस्तक मिटलं, नूरजहाँबीच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "घेऊन जाजो वं. धरून धरून हात दुखून आले माहे." मला तिचा केवढा अभिमान वाटला सांगू! सगळ्या गावाला फसवत होती, सगळं गाव तिला फसवत होतं, आणि दोघांच्याही मनात माया. मधे लुडबुडायला अमरावतीहून मी एकटा गेलो होतो.

यंत्र मी परत आणलं. सुनंदानं कार्ड काढून टाकलं, आत्याबाईंना फोन करून विचारलं आणि मोजकी पुस्तकं घातली, खरी, अक्षर मोठं होणारी. आत्या आता सकाळी एकटीच वाचते. यंत्राचा एक कोपरासुद्धा भरलेला नाही. दुकानातल्या मुलीच्या रस्त्यानं मी सध्या जात नाही.

दुपारी मात्र कौसल्याच असते. आणि एक सांगायचं राहिलं. त्याच दुपारी, दोन्ही हात मोकळे करून आत्यानं गोष्ट पुढं नेली, तेव्हा मूर्तिजापूरच्या स्टेशनावर एक नवीनच माणूस उतरला. कौसल्येचा भाचा. अमरावतीकडचा, दीडशहाणा, आत्याच्या मदतीला न बोलावता आलेला. सोबत कोठी आणलेली, अशी ठासून भरलेली की झाकणच उघडेना. बायका पापडांवर पडून हसल्या.

आता दर आठवड्याला मीच फोन करतो. परवा कळलं की त्या भाच्यानं भर कचेरीत नको ते बोलून कौसल्येची जमीन जवळजवळ घालवली. मी अगदी काकुळतीला येऊन विचारलं, "आत्या, तो पोट्टा पुढं सुधरते का गं?"

आत्या म्हणाली, "सुधरला तं बायका येतीन कायले, बापा?"