बिनरंगाची जागा

वसमतजवळच्या हळदीच्या गिरणीत कोंडीबांना सगळे हसायचे, ते त्यांच्या बादलीपायी. उभा जन्म वायरमनचं काम करून थकलेला हा माणूस रोज सकाळी यायचा आणि मागच्या भिंतीलगतच्या अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचा. खड्ड्यात कोळसा, मीठ आणि खाली पुरलेली तांब्याची प्लेट.

"मामा, मिठाला कोंब कवा फुटायचा?" शिवकन्या हमखास विचारायची. हसण्यात तीच सगळ्यांच्या पुढं.

दळलेली हळद हवेच्या जोरानं एका लोखंडी पाइपातून यायची आणि पाइपाच्या तोंडाशी शिवकन्या पोती भरायची. दोन लेकींची शाळा याच कामावर चालली होती. माघातल्या कोरड्या हवेत मात्र पाइपाला हात लागला की तिला चटका बसू लागला. टचकन आवाज व्हायचा आणि हात आपोआप मागं यायचा.

गिरणीचे मालक किसनराव टेस्टर घेऊन आले. टेस्टर पेटला नाही.

"करंट न्हाई. तुझ्या मनात भरलंय काहीतरी," ते म्हणाले.

चटक्यानं दचकून तिच्या हातून तिसऱ्यांदा भरलं पोतं कलंडलं. मग त्यांनी सांगूनच टाकलं, की सोमवारपासून दुसरी बाई बघतो. माणूस वाईट नव्हता, पण टेस्टरवर त्यांचा बाईमाणसापेक्षा जास्त भरवसा.

शनिवारी कोंडीबा आले तेव्हा तिनं कोंबाचं विचारलं नाही. त्यांना ते लगेच खटकलं. तिनं रडत रडत सारं सांगितलं.

"मामा, मी खोटं बोलत न्हाई वो."

"खोटं काहून बोलशील? चटका बसला म्हंजे बसला," कोंडीबा म्हणाले आणि त्यांनी बादली खाली ठेवली. "किसनराव, गिरणी बंद करा आधी!"

इतक्या दिवसांत आपल्यावर कुणीतरी विश्वास ठेवला, एवढ्यानंच शिवकन्येला अर्धं काम परत मिळाल्यासारखं वाटलं.

कोंडीबांनी एक सेल, बॅटरीतला छोटा दिवा आणि दोन वायरी जोडल्या. एक वायर पाइपाच्या उघड्या लोखंडाला लावली, दुसरी पाइपाला नटानं आवळलेल्या, खड्ड्याकडं जाणाऱ्या पट्टीला. दिवा लागला नाही.

"पिशवी भरताना हळद पिशवीलाच चिकटती, बराबर? घासण्यातून येणारी वीज ती. पाइपातून भुकटी पळती तवा तशीच वीज पाइपावर साचती. लोखंडातून, तांब्यातून ती खड्ड्यातल्या ओल्या मातीत निघून जाती. दिवा लागला न्हाई म्हंजे वाट अडलीय. मग ती तिथंच बसून राहती आणि तुझ्या बोटातून उडी मारती. टेस्टर आणेस्तोवर ती सरलेली. पण हवेत हळदीची धूळ भरलेली असताना ठिणगी पडली, तर गिरणी पेटायला टाइम लागत न्हाई."

त्यांनी पट्टीचा नट खोलला. पट्टीखाली निळ्या ऑइल पेंटचा जाड थर होता.

शिवकन्येनं तो रंग ओळखला. खंडेनवमीला यंत्राची पूजा, म्हणून बायांनी सगळी गिरणी रंगवली होती. इंचभरही जागा सुटू नये म्हणून पट्टी खोलून तिच्याखालीसुद्धा कुणी रंग लावला होता, तर तिनं. वर त्याच पट्टीला झेंडूही वाहिला होता.

"रंग कुणी दिला इथं?" किसनराव कडाडले.

"ध्यान मी द्यायला पायजे होतं," कोंडीबा म्हणाले. "चूक माझी."

"न्हाई मालक," शिवकन्या पुढं झाली. "मामांची न्हाई. मी लावला."

 कोंडीबांनी रंग खरवडला, लोखंड चकचकीत केलं, पट्टी घट्ट आवळली. दिवा लागला. त्या चिमुकल्या उजेडाकडं बघताना तिचे डोळे पुन्हा भरले. किसनरावांनी मान डोलावली. "सोमवारी येळंवर ये," ते म्हणाले.

पुढच्या खंडेनवमीला कोंडीबांचे गुडघे धरले होते, तरी ते काठी टेकत पूजेला आले. सगळी गिरणी नव्या रंगात न्हालेली, फक्त पाइपावर पट्टीच्या नटाभोवती तळहाताएवढं लोखंड उघडं. खड्डा ओला होता आणि बादली शिवकन्येच्या हातात होती.

"हितं रंग काहून न्हाई लावला, माय?" त्यांनी मुद्दाम विचारलं.

"ती तुमची जागा हाय मामा," ती म्हणाली. तिनं आधी त्या उघड्या लोखंडाला हात लावला, तो कपाळाला नेला आणि मग वाकून त्यांच्या पायांना.