मस्टरवरची माझी सही

आमच्या लाकडाच्या आगारात एक जुनी रीत होती. सकाळी जो पहिला येईल त्यानं मस्टर उघडायचं आणि सगळ्यांच्या सह्या ठोकून टाकायच्या. आम्ही वनखात्याचे सात-आठ जण, कोणी कुठून तर कोणी कुठून एसटीनं यायचो, आणि आमची एसटी कधी वेळेवर आल्याचं मला तरी आठवत नाही. यात काही चुकतंय असं कुणाला वाटायचं नाही, कारण माणूस दिवसभर राबायचाच. पहिले यायचे ते आमच्यातले सगळ्यांत वयस्क वनरक्षक. त्यांना आम्ही काका म्हणायचो. बारा वर्षं माझी सही त्यांनीच केली. सहीखाली ते झोकात एक रेघ ओढायचे आणि तिला शेपूट काढायचे. माझ्या सहीला शेपूट कधीच नव्हतं.

एका मंगळवारी थप्पीवरून सागाचा लठ्ठा सुटला आणि माझ्या डाव्या घोट्यावर येऊन बसला. काकांनीच मला उचलून जीपमध्ये घातलं. अमरावतीच्या दवाखान्यात घोट्यात स्क्रू टाकले. पुढचे तीन दिवस मी तिथल्या पंख्याकडे पाहत पडून होतो, आणि त्याच तीन दिवसांत काकांनी आगारात माझी हजेरी लावली. कशासाठी, तर माझी रजा कटू नये म्हणून.

सरकारी माणसाला कामावर असताना इजा झाली तर वेगळी रजा मिळते, पगार सुरू राहतो, भरपाई मागता येते. सिद्ध एवढंच करायचं की तुम्ही त्या वेळी कामावर होता. मला वाटलं, त्यात काय अवघड आहे? इतका मी शहाणा.

मग कागद सुरू झाले. अकोल्याच्या वैद्यकीय मंडळापुढे कुबड्या घेऊन तीनदा गेलो. एकदा डॉक्टर रजेवर होते, एकदा माझा एक्स-रे जुना निघाला. तिसऱ्या खेपेला त्यांनी मला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालवलं आणि लिहून दिलं की घोटा आता वळणार नाही. हे मी त्यांना पहिल्या खेपेलाच सांगितलं होतं.

तो कागद जोडला, तर आठ महिन्यांनी फाईल शेरा घेऊन परत आली. अर्जदार बुधवार ते शुक्रवार दवाखान्यात भरती, आणि त्याच दिवशी आगारात हजर. मग मंगळवारची सही तरी अर्जदाराची आहे काय?

नव्हती. तीही काकांचीच होती.

काका घरी आले. निवृत्तीला दोन महिने उरले होते. म्हणाले, "तुई रजा कटू नाई म्हणून मारल्या न बे सह्या. मले का माईत असं होईन? खरं सांगून टाक सायबाले. माह्ये दोनच महिने रायले, काय करतीन?"

दोनच महिने उरले होते, भीती त्याचीच होती. खोट्या हजेरीची चौकशी लागली असती तर त्यांची पेन्शन अडकली असती, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मला त्यांचा भयंकर राग आला. त्यांच्या उपकाराचा आला, आणि 'खरं सांगून टाक' म्हणाले त्याचाही आला. ते गेल्यावर बायको म्हणाली, "तुमी आपल्या पायाचं पाहा. त्याइचं ते पायतीन." तिचं काही चूक नव्हतं. माझी रजा केव्हाच संपली होती, आणि बिनपगारी घर तीच ओढत होती.

खात्याच्या अमरावतीच्या कार्यालयात गेलो तेव्हा खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. साहेबांनी मस्टर माझ्यासमोर सरकवलं.

"मंगळवारची ही सही तुमची?"

मी त्या शेपटाकडे पाहत राहिलो. ज्या माणसानं मला उचलून जीपमध्ये घातलं त्याला या टेबलासमोर उभं करणं मला जमेना. आणि मी दमलो होतो. मोठेपणा वगैरे त्यात काही नव्हता.

"साहेब, अर्ज मागं घेतो," मी म्हणालो. अर्जच नसला तर मस्टरची चौकशीही नाही.

साहेबांनी पुढं काही विचारलं नाही. मस्टर मिटून फाईलसोबत बाहेर बाबूकडे पाठवलं.

बाबूनं मजकूर सांगितला, मी लिहीत गेलो. माझी इजा खासगी कारणाने झाली असून माझी कोणतीही मागणी नाही. खाली सही केली. बाबूनं कागद मस्टरशेजारी ठेवला, एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं आणि माझ्याकडे परत सरकवला.

"भाऊ, सही जुळून नाई रायली. बराबर करा."

मी ती खोडली. पुन्हा केली, खाली रेघ ओढली आणि तिला शेपूट काढलं.

"हां, आता झाली," बाबू म्हणाला, आणि त्यानं शिक्का मारला.