हाकेनंतरची दोन मिनिटं

गेल्या महिन्यात डोळे तपासायला एका मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. पडद्यावर नंबर झळकला, स्पीकरवरून त्याची हाक आली आणि समोरच्या बाकावरच्या आजी उठल्या. एका हाताने भिंत धरत, पाऊल चाचपत त्या दारापर्यंत पोचल्या, तोवर पडद्यावर पुढचा नंबर आला होता.

"आजी, तुमचा नंबर गेला. आता नवीन घ्यावा लागेल," नर्स म्हणाली.

"अगं, मी येतच होते ना!"

"माझ्या हातात नाही हो. सिस्टीमच तशी आहे."

ती सिस्टीम मी आखलेली होती. सॉफ्टवेअरचा आराखडा ठरवणं हेच माझं काम. हाक दिल्यावर पेशंटसाठी किती वेळ थांबायचं, असा प्रश्न बैठकीत निघाला, तेव्हा मी फळ्यावर 'दोन मिनिटं' असं लिहिलं. कुणी हरकत घेतली नाही. त्या खोलीत आम्हा सगळ्यांचे डोळे आणि पाय धड होते. पुढे मी ते विसरूनही गेलो.

मी आजींना बाकावर बसवलं. राहवेना, म्हणून सांगून टाकलं, "आजी, हे दोन मिनिटांत नंबर जाण्याचं मीच ठरवलं होतं."

त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. रागावल्या नाहीत. "असं होय," म्हणाल्या. "मग तुलाच ठाऊक असेल. माझ्यासारखे किती जण दारातून परत गेले असतील रे?"

ती दोन मिनिटांची मर्यादा मी नंतर काढायला लावली. आजींना उत्तर मात्र देता आलं नाही. परत गेलेल्यांची नोंद ठेवायची गरज नाही, हेही त्याच बैठकीत मीच ठरवलं होतं.