नाझारेनोने न काढलेलं पंक्चर

डोंगरावरच्या आमच्या रोक्कारोंदा गावात हिवाळाभर ढग रस्त्यावरच उतरलेले असतात. त्यामुळे एखाद्या विसरभोळ्याचं डोकं ढगात आहे असं म्हणण्यात तसा अर्थ नाही, सगळ्यांचंच असतं. तरी गावात ते म्हटलं जातं फक्त नाझारेनोबद्दल.

नाझारेनो बस चालवतो. पन्नाशीचा, लांबोडक्या चेहऱ्याचा, एकटा राहणारा. गाडी हळू चालवतो, कुणाला धक्का लागू देत नाही. पण एका रविवारी बहिणीकडे पोटभर जेवला, तोंड पुसलं आणि मेव्हण्याला म्हणाला, "बिल आणा." वर टीपही ठेवली. मेव्हण्याने ती घेतली. दुसऱ्या खेपेला पाद्रीबाबांची बंद पडलेली गाडी ढकलायला थांबला आणि सुरू झाल्यावर तीच घेऊन घरी गेला. पाद्रीबाबा आपले रस्त्यात उभे.

सप्टेंबरात पलीकडच्या डोंगरावरचा क्विंतिलिओ वारला. म्हातारा पाथरवट, संध्याकाळी गोळे फेकण्याच्या खेळात नाझारेनोचा जोडीदार. अंत्यविधीला गायला आमच्या चर्चमधल्या बायका जाणार होत्या, म्हणून नाझारेनोची बस ठरवली. गावातर्फे केलेलं फुलांचं चक्र मागच्या सीटवर ठेवलं. माझी बायको सेत्तिमिया त्या बसमध्ये होती, म्हणून पुढचं सगळं मला खात्रीने माहीत आहे.

बस सुटली तशी गाणाऱ्या बायकांच्या पुढारी इओलांदाबाईंनी सुरुवात केली. "आज तरी नीट पोचव रे बाबा. तुझं डोकं कायम ढगात."

"ढगात कसलं? हा चंद्रावर राहतो," सेत्तिमिया म्हणाली. "खाली येतो तो फक्त जेवायला."

"आणि मग बिल मागतो!"

सगळ्या खो खो हसल्या. मग एकीने सांगितलं की याचं डोकं मानेला चिकटलेलं नसतं तर डेपोतच राहिलं असतं. दुसरीला वाटलं, राहिलंच असेल, कुणी तपासलंय? बायका अशा रंगल्या की जुन्या वीटभट्टीपाशी उजवीकडे वळायचं ते बस डावीकडे वळली, हे एकीच्याही ध्यानात आलं नाही. डावा रस्ता समुद्राला जातो. उन्हाळी सुट्टीत, जुलै-ऑगस्टभर, नाझारेनो शाळेच्या पोरांना रोज त्याच रस्त्याने पोहायला नेत होता.

बस थांबली. समोर निळंशार पाणी आणि किनाऱ्यावरच्या मिटलेल्या छत्र्या.

"अगं बाई," इओलांदाबाई म्हणाल्या, "हे काय?"

नाझारेनोने स्टिअरिंगवरचे हात उचलून पाहिले, जणू ते दुसऱ्याचे होते. "मी क्विंतिलिओचा विचार करत होतो," तो म्हणाला. "म्हटलं, आता माझ्या बाजूने खेळणार कोण?" त्याचे डोळे भरून आले. ज्याच्यासाठी निघाल्या होत्या त्या माणसाचं नाव बसमध्ये पहिल्यांदाच निघालं होतं.

तेवढ्यात इओलांदाबाईंना पाद्रीबाबांचा फोन. "कुठे आहात? शवपेटी दारात आलीय, गाणार कोण?"

इओलांदाबाईंनी डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, "पंक्चर झालंय हो, फादर. भर घाटात. तुम्ही उरकून घ्या."

आता विधी काही गाठता येत नव्हता. समोरच्या खाणावळीतून तळलेल्या मासळीचा वास सुटला होता. दुःखाने भूक जास्त लागते, असं सेत्तिमियाने मला नंतर समजावलं. बायकांनी काळ्या कपड्यांवर कागदी रुमाल पसरले, छोटे मासे आणि पांढरी वाइन मागवली, मग चपला काढून पाण्यात पाय बुडवून आल्या. नाझारेनो फुलं सुकू नयेत म्हणून चक्रावर पाणी शिंपडत बसला.

उन्हं कलता बस दफनभूमीवर पोचली. विधवा मार्सिलिया अजून तिथेच होती. बायकांनी चक्र ठेवलं आणि जीव ओतून गायल्या. मार्सिलियाने ऐकून घेतलं, मग इओलांदाबाईंच्या चपलांकडे पाहिलं.

"घाटात वाळू फार होती का गं?"

"रस्त्याचं काम चाललंय," इओलांदाबाई म्हणाल्या.

"आणि मासळी?"

मार्सिलिया नाझारेनोकडे वळली आणि त्याच्या हातात क्विंतिलिओचे खेळाचे गोळे दिले. बायकांना मात्र तिने नाताळपर्यंत घरात घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाझारेनो आपणहून डेपोच्या मॅनेजरकडे गेला. "साहेब, चूक झाली. मी बस समुद्राला नेली. इंधनाचे पैसे माझ्या पगारातून कापा."

मॅनेजर बार्तोलुच्ची चकित. "कसला समुद्र? पंक्चर झालं होतं ना? इओलांदाबाई स्वतः येऊन सांगून गेल्या. भर उन्हात एकट्याने चाक बदललंस म्हणे."

"नाही हो साहेब. पंक्चर झालंच नाही."

"नाझारेनो," बार्तोलुच्ची मायेने म्हणाले, "सगळ्या बायका एक सांगतात आणि तू एक. तुझा स्वभाव आम्हाला ठाऊक नाही का? विसरला असशील, बाबा."

आणि त्यांनी त्याला शाबासकी म्हणून एक दिवसाची भरपगारी रजा दिली.

नाझारेनो बाहेर आला. बसपाशी गेला. मग वाकून एकेक चाक नीट निरखून पाहायला लागला.