रिकाम्या ड्रमची शेकोटी

भित्र्या माणसाकडे किस्से फार साठतात. शूर माणसं विसरून मोकळी होतात, आमची मात्र झोप उडते! अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षं पेंट शॉपला काढली, म्हणून आमची रिटायर्ड मंडळी मला ‘पेंटर’ म्हणतात. त्यातला विलास फिटर. त्याला कुळगावच्या घराच्या अंगणात नातवंडांसाठी शेकोटी करायची हुक्की आली आणि माझं बीपी वाढलं.

*

भंगारवाल्याकडून त्याने लोखंडी ड्रम आणला. केमिकल कंपनीतला, लेबल खरवडलेलं.

“काय होतं रे यात?”

“काही नाही, रिकामाच होता!”

अरे बाबा, रिकाम्याचीच तर भीती! आत वाफ उरते, एक ठिणगी पुरते. तो कापायला विलासने ग्राइंडर लावला होता, मी त्याची वायरच उपटली. ड्रम पाण्याने भरायला लावला आणि छिन्नी-हातोड्याने कापायला लावला. दोन दिवस लागले. ते दोन्ही दिवस विलास मला शिव्या घालत होता.

*

ते पाणी त्याने मोगऱ्याला घातलं. आठवड्यात मोगरा वाळला.

“ऊन लागलं असेल,” विलास म्हणाला. भर थंडीत!

*

रंगासाठी उल्हासनगर गाठलं. विलासने हौसेने चंदेरी डबा उचलला. सिंधी दुकानदार हात जोडून म्हणाला, “साईं, ये तो गेट का पेंट है. आग बाद में लगेगी, पेंट पहले जलेगा!”

मग सहाशे डिग्रीपर्यंत टिकणाऱ्या रंगाचा स्प्रे घेतला. मी चष्मा लावून मागचं तीनदा वाचलं: गंज काढा, फक्त बाहेरून मारा, पहिल्यांदा मंद आचेवर तापवा.

*

स्प्रे नीट उडेना. तेव्हा आमच्या मोहित्यांनी, हे रिटायर्ड सेफ्टी ऑफिसर बरं का, कॅन गॅसच्या शेगडीवर धरला! “जरा पातळ होईल.”

मी तो हिसकावून बादलीत बुडवला.

“पेंटर, घाबरून घाबरून तूच आधी जाशील!” मोहिते हसले.

*

रविवारी सकाळी शेकोटी पेटवली. पोरांना मी घरात कोंडलं, ती रडली, रडू दे. विलासच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, सगळ्यांना चहा दिला. बाहेरचा रंग झकास टिकला, टवकासुद्धा उडाला नाही. मी जरा सुटकेचा श्वास घेतला.

आणि ड्रमच्या आतलं कोटिंग जळायला लागलं. असला कडवट धूर, डोळे चुरचुरायला लागले, घसा धरला. सगळे कुंपणापर्यंत पळालो.

विलास पहिल्यांदाच घाबरलेला दिसला. “पेंटर, खरं सांग, काय असेल रे त्यात?”

“मला काय माहीत! विष असेल. नशीब समज, फक्त शेकोटीला आणलास.”

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“भंगारवाल्याने ड्रम जोडीने दिले होते रे. दुसरा स्वयंपाकघरात आहे. महिनाभर पाणी भरतोय आम्ही त्यात.”

तेवढ्यात वहिनी किटली घेऊन बाहेर आल्या.

“भावजी, अजून अर्धा कप घ्या ना!”