दारापर्यंत चालून दाखवा

माझा मित्र हाडांचा डॉक्टर. आम्ही त्याला हाडवैद्य म्हणतो. तो चिडत नाही; चिडायला वेळच नाही. मी साहित्य शिकलो. नडगी म्हणजे नेमकं काय, हे त्यानंच मला माझ्या पायावर टिचक्या मारून शिकवलं.

मागच्या वर्षी तो शेवटच्या परीक्षेत नापास झाला. लेखी उत्तम गेली. रुग्ण तपासताना घोटाळा झाला. “यांना चालवून पाहिलंत का?” परीक्षकांनी विचारलं. त्यानं आधी एक्स-रेच उचलला होता. या खेपेला पास झाला, तरच त्याची रुग्णालयातली नोकरी टिकणार होती.

म्हणून त्यानं अभ्यासाची साधनं नव्यानं निवडायला घेतली. त्याचे बाबा शिंपी. दुकानामागच्या खोलीत पलंगभर पसारा. उशीएवढे ग्रंथ, सीनियर्सच्या नोट्स, फोनवर प्रश्नसंच, व्हिडिओ लेक्चर्स.

“तू पुस्तकवाला. सांग, काय ठेवू?”

“एकच ठेव. दोनदा वाच.”

“मागच्या वेळीही असंच दुकान मांडलं होतं यानं,” त्याची ताई दारातून म्हणाली. “निवडता निवडता परीक्षा आली.”

तेवढ्यात बाबा पाणी प्यायला आत आले. गुडघ्याला नेहमीचा पट्टा. प्रत्येक पावलाला उजवीकडे झुकत होते. मित्र बोलता बोलता थांबला.

“बाबा, परत दारापर्यंत जा.”

“का? काही विसरलो?”

“नुसतं जा. आणि या.”

“गिऱ्हाईक थांबलंय रे!” पण गेले. आले.

त्यानं ग्रंथ जमिनीवर उतरवले आणि बाबांना पलंगावर निजवलं. गुडघा चाचपला. काही नाही. मग पाय सरळ ठेवून अख्खा आत वळवला. बाबा कळवळले.

“कुठे दुखलं?”

“गुडघ्यात. आणखी कुठे!”

पण गुडघा वाकलाच नव्हता. फिरला होता खुब्याचा सांधा. दुखणं खुब्यात, कळ गुडघ्यात. मी थक्क झालो.

“प्रत्येक पुस्तकात आहे हे,” तो हळूच म्हणाला. “मी पेपरात लिहिलंय.” तो पट्टाही त्यानंच आणून दिला होता.

“म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!” बाबा हसले. तो दोन्ही पाय जुळवून लांबी पाहू लागला, तशी त्यांनी गळ्यातली टेप काढून त्याच्या हातात दिली. “पायाचं माप घ्यायचंय ना? सैल धरू नकोस.”

उजवा पाय किंचित आखूड भरला. खुब्याच्या एक्स-रेनं शिक्कामोर्तब केलं. ऑपरेशन लागणार होतं. “आधी तुझी परीक्षा,” बाबा म्हणाले. कोणाचं ऐकेनात.

त्यानं एक ग्रंथ ठेवला आणि प्रश्नसंच. बाकीचं वाटून टाकलं. सकाळी बाबा चालायचे, मग ताई, मग मी. गिऱ्हाईक मापाला आलं की हा आधी त्याची चाल बघायचा.

परीक्षेत त्याच्या हातात एक्स-रे दिला गेला. त्यानं तो पालथा ठेवला.

“मावशी, जरा दारापर्यंत चालून दाखवता?”

निकाल लागला तेव्हा बाबा मशीनवर होते. त्यांनी दोरा तोडला.

“झालास ना पास? आता माझा नंबर.”

खाली बसून त्यानं बाबांच्या गुडघ्याचा पट्टा सोडला.