नणंदेचं हक्कसोडपत्र

आठ मार्चला शाळेत भाषण कुणी करायचं म्हटलं की सगळ्यांना मीच आठवते. मी तिथली बाई, आवाज खणखणीत, मुलींना त्यांचे हक्क समजावून सांगावेत तर मीच. त्या टाळ्यांची आता लाज वाटते. माझ्याच घरातल्या एका बाईचा हक्क मी गोड बोलून काढून घेतलाय.

सासरे वारल्यावर साखरा गावच्या शेताला माझ्या नवऱ्यासोबत त्यांच्या धाकट्या बहिणीचंही नाव लागलं. आमच्याकडे अशा वेळी बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करायची आणि भावानं तिला साडीचोळी करायची, एवढं ठरलेलं. पण ताई हो म्हणेनात. नवरा मला म्हणाला, "तू बाईमाणूस, तूच बोल. मी कसा बोलू?" बहिणीसमोर ह्यांची जीभ रेटेना, म्हणून मला पुढं केलं. आणि मी गेले की! कुणी ओढून नेलं नव्हतं.

आखाडा बाळापूरला ताई आपल्या घरी ब्लाउज शिवत बसल्या होत्या. मशीन न थांबवता म्हणाल्या, "सगळं न्हाई मागत वैनी. विहिरीजवळचं एक एकर तेवढं नावावर राहू द्या. इथं कधी काय होईल, सांगता येत न्हाई."

त्यांच्या नवऱ्यानं त्यांना दोनदा घराबाहेर काढलं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हणाले, "माहेर तुटंल की ताई. दिवाळीला कोणत्या तोंडानं याल? मीबी हक्क सोडलाच की माझ्या भावांसाठी."

सोडला होता, ते खरं. सही करून घरी आल्यावर दाराला कडी लावून रडले होते, हे मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या कदाचित अडून बसल्या असत्या. मला ते नको होतं.

मशीन थांबलं. "बरं," एवढंच म्हणाल्या.

तालुक्याच्या कचेरीत साहेबांनी विचारलं, "राजीखुशीनं सोडून राहिल्या ना?" ताई खाली बघत राहिल्या. मागं माणसं खोळंबली होती. मीच बोलून गेले, "व्हय साहेब, राजीखुशीनं." मग ताईंनी मान हलवली, सही केली, फोटो दिला. साडी मी जवळच्या गोरेगावातून स्वतः निवडून आणली होती, चांगली भारीतली. मन खात होतं, म्हणूनच भारीतली.

यंदा सोयाबीन काढणीच्या दिवसांत ताई दोन लेकींना घेऊन जीपमधून उतरल्या. नवऱ्यानं तिसऱ्यांदा बाहेर काढलं होतं, आणि या वेळी त्या परत जाणार नव्हत्या. ज्या घरात जन्मल्या, त्याच घराच्या दारात पिशवी घेऊन उभ्या राहिल्या आणि मला विचारलं, "वैनी, आठ दिवस राहू का?"

हे काय विचारणं झालं, असं मी चटकन म्हणायला हवं होतं. शब्द तोंडात आलेही होते. पण त्याआधी माझी नजर मागं उभ्या आमच्या ह्यांच्या चेहऱ्याकडे गेली. ते ताईंनी बघितलं, आणि आत शिरलेल्या धाकट्या लेकीला दंडाला धरून मागं ओढलं.